समुद्री गोगलगायीचे छायाचित्र

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी गोगलगाय तुम्ही पाहिली असेल. तिच्या पाठीवर शंख असतो. समुद्रात तिची काही भावंडे अशी आहेत, की ती लहानपणीच शंख टाकून देतात. त्यांना न्युडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांचे प्राणी, असे नाव आहे. जगात त्यांच्या सुमारे ३००० जाती ज्ञात आहेत. त्यांतील एका जातीला तर १९४६ साली विंकवर्थ या शास्त्रज्ञाने मुंबईचेच नाव दिले. आज ती गोनिओब्रँकस बॉम्बयानस म्हणून ओळखली जाते.

हे प्राणी ओळखायचे कसे? प्रथम डोक्यावरील दोन शिंगे पाहावीत. पाण्यातील वास त्यांनी कळतो. मग पाठ पाहावी. मागील टोकाला फुलासारखा कल्ल्यांचा झुपका असेल तर तो एक गट. पाठभर बोटांसारखे उंचवटे असतील तर दुसरा. त्यानंतर रंग, ठिपके आणि कडेची पट्टी. परंतु प्राणी स्पिरिटच्या बाटलीत ठेवला, की रंग उडतो आणि अंग आक्रसते. नुसता पाण्याबाहेर काढला तरी पाण्याचा आधार सुटून त्याचा मऊ गोळा होतो. म्हणून जिवंत प्राण्याचे, पाण्यातच घेतलेले छायाचित्र फार मोलाचे. मात्र त्या छायाचित्रातील रंग खरे असले पाहिजेत, आणि येथे पदार्थविज्ञानाची गरज लागते.

समजा, मालवणजवळ एक पाणबुड्या १० मीटर खोल उतरला. पाणी लाल प्रकाश झपाट्याने शोषून घेते. अगदी शुद्ध पाण्यातही ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दर मीटरला सुमारे ७० टक्केच उरतो. दोन मीटरला ४९ टक्के, तीन मीटरला ३४ टक्के, असे करत १० मीटरला जेमतेम ३ टक्के! निळा प्रकाश मात्र बराचसा टिकतो. त्यामुळे लाल ठिपके तेथे काळपट दिसतात आणि कॅमेराही तेच टिपतो. एवढ्यावरून जात ठरवली तर ती चुकण्याचीच शक्यता अधिक.

यावर उपाय म्हणजे प्रकाश आपणच बरोबर नेणे. गोगलगायीपासून अर्ध्या मीटरवर फ्लॅश उडवला, तर प्रकाशाचा जाण्यायेण्याचा प्रवास एकच मीटर होतो आणि ७० टक्के लाल रंग हाती लागतो. जितके जवळ जाल तितका रंग खरा. फ्लॅश मात्र कॅमेऱ्याच्या बाजूला, थोडा तिरपा धरावा. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे कण पुष्कळ. समोरून प्रकाश टाकला, तर धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यावर होते तसे होते: कण उजळतात आणि पलीकडचे दिसत नाही. अंतराचा अंदाजही सांभाळावा लागतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ असल्याने मुखवट्याच्या काचेतून पाहताना वस्तू पाऊणपट अंतरावर भासते.

तुम्हाला यासाठी पाण्यात बुडी मारायची गरज नाही. आमच्या शहाडला समुद्र नाही, उल्हास नदी आहे. पण लोकलने दादर आणि तेथून चर्नी रोड गाठले, की गिरगाव चौपाटी आली. तेथे आणि हाजी अलीला ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत हे प्राणी आढळले आहेत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील मंडळी त्यांची छायाचित्रे घेऊन नोंदी ठेवत आहेत.

ओहोटीची वेळ काढायला कोकणातील जुना हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरती. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणून सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या सुमारास ओहोटी. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहून घ्यावी. शिक्षकांबरोबर तासभर आधी पोहोचावे आणि पाणी चढू लागताच परतावे. डबक्यावर आकाशाची चमक दिसत असेल तर काळी छत्री धरावी. शेजारी लहान मोजपट्टी ठेवावी. एक छायाचित्र वरून, एक बाजूने, एक शिंगांचे आणि एक भोवतालचे घ्यावे. वहीत तारीख, जागा, लांबी आणि प्राणी कशावर बसला होता ते लिहावे. प्राण्याला हात लावू नये.

करून पाहा : टॉर्चला निळ्या जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर बांधा. अंधाऱ्या खोलीत लाल, काळी आणि निळी अशा तीन रंगीत पेन्सिली त्या उजेडात धरा. लाल कोणती आणि काळी कोणती, हे मित्राला ओळखायला सांगा. नंतर कागद काढून तोच प्रश्न पुन्हा विचारा.