चाक, रस्ता आणि सस्पेन्शन

मोटारीतील प्रवाशाला खड्ड्याचा धक्का किती बसावा आणि वळणावर गाडी किती काबूत राहावी, या दोन्ही गोष्टी चाके व सांगाडा यांना जोडणाऱ्या सस्पेन्शनवर अवलंबून असतात. स्प्रिंग धक्का झेलते. शॉक ॲब्सॉर्बर तिचे हेलकावे शमवतो. स्प्रिंग मऊ असेल तर प्रवास सुखाचा होतो, पण वळणावर गाडी कलते. ती कडक असेल तर गाडी स्थिर राहते, पण प्रत्येक खड्डा पाठीला जाणवतो. सस्पेन्शनच्या प्रकारांचा इतिहास हा या पेचावर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांतील जुने व दणकट उत्तर म्हणजे सलग आस आणि पाट्यांची स्प्रिंग. ट्रकला आणि ॲम्बॅसॅडर मोटारीच्या मागील चाकांना हे पाटे आपण पाहिले आहेत. ते मोठे ओझे पेलतात व दुरुस्तीस सोपे असतात. मात्र दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असल्याने एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापले वर-खाली होते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पुढील चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. यात स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. जागा आणि खर्च वाचत असल्याने लहान मोटारींत तो रूढ झाला. डबल विशबोन प्रकारात दोन आडवे बाहू चाकाला वळणावरही रस्त्यावर नीट टेकवून धरतात. पकड उत्तम मिळते, पण जागा व खर्च वाढतो.

फ्रान्समधील उदाहरण विशेष बोलके आहे. सिट्रोएन कंपनीच्या पिएर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकात खेड्यातील शेतकऱ्यासाठी स्वस्त मोटार योजली. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी त्यांची अट होती. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या ‘२ सीव्ही’ने ती पाळली. तिच्या एका बाजूची पुढील व मागील चाके आडव्या नळकांड्यातील स्प्रिंगांनी परस्परांशी जोडलेली होती. त्यामुळे पुढील चाक उंचवट्यावर चढले तरी गाडी बव्हंशी समतल राहत असे. वळणावर ती भलतीच कलत असे, तरी चाके रस्ता सोडत नसत.

विद्यार्थ्यांनी उभ्या वाहनाच्या चाकामागे एकदा वाकून पाहावे. पाटे दिसोत वा स्ट्रट, ते वाहन कोणत्या ओझ्यासाठी, कोणत्या रस्त्यासाठी आणि कोणत्या माणसासाठी घडवले, हे तेथे कळू लागते.