विवाह प्रमाणपत्र परदेशात ग्राह्य ठरण्यासाठी देशनिहाय वेगळी प्रक्रिया

विवाहानंतर पती अथवा पत्नीकडे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयांजवळ विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असते. मात्र ते भारतात कायदेशीर असणे आणि परदेशातील अधिकाऱ्यांनी ते ग्राह्य मानणे, या दोन भिन्न बाबी आहेत. हा फरक वेळीच लक्षात न आल्यास व्हिसाचे काम रखडते आणि नवविवाहित दांपत्याला दीर्घकाळ एकमेकांपासून दूर राहावे लागते.

परदेशी दस्तऐवजांच्या प्रमाणीकरणाची जुनी, लांबलचक पद्धत सोपी करणारा करार ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झाला. भारताच्या बाबतीत तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. या करारानुसार कागदपत्राला ‘अपोस्टील’ नावाचे प्रमाणपत्र जोडले जाते आणि त्यानंतर दूतावासाच्या शिक्क्याची आवश्यकता उरत नाही. मात्र अपोस्टील केवळ दस्तऐवजावरील सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का खरा असल्याची हमी देते. त्यातील मजकूर खरा आहे किंवा विवाह वैध आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. अनेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

अपोस्टील सार्वजनिक अधिकाऱ्याने दिलेल्या दस्तऐवजासाठी असते. मंदिराने वा मंगल कार्यालयाने दिलेला दाखला त्यासाठी पुरेसा नाही. विवाहाची रीतसर नोंदणी हवी. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. नोंदणीनंतर मिळालेले मूळ प्रमाणपत्र प्रथम राज्याच्या गृह अथवा सामान्य प्रशासन विभागाकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. त्यानंतर परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाकडून अपोस्टील मिळते. पूर्वी त्यासाठी दिल्ली गाठावी लागत असे. २०१९ पासून मुंबई आणि पणजीसह अन्य शहरांतही ही सोय झाली आहे. अपोस्टीलचे सरकारी शुल्क प्रत्येक दस्तऐवजामागे ५० रुपये असून, कागदपत्रे स्वीकारणाऱ्या संस्थेचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते.

अपोस्टील मिळाले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. जर्मनीने या करारातील भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्याने तेथे भारतीय अपोस्टील चालत नाही. संबंधित जर्मन कार्यालयाने मागणी केल्यास तेथील दूतावास भारतातील वकिलामार्फत प्रमाणपत्राची प्रत्यक्ष पडताळणी करवून घेतो. तिचा खर्च अर्जदारावर पडतो आणि तिला कित्येक महिने लागू शकतात. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. तिथे परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर अमिरातीच्या भारतातील दूतावासाचा आणि पुढे तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. याउलट, अमेरिकेत स्थलांतराच्या अर्जासाठी भारतीय विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टीलची अटच नाही. प्रमाणपत्र इंग्रजीत नसेल तर त्याचा संपूर्ण अनुवाद, आणि तो अचूक असल्याचे व आपण त्यास सक्षम असल्याचे अनुवादकाचे लेखी निवेदन, एवढे पुरते. विवाह खरा असल्याचे पुरावे मात्र तेथे बारकाईने तपासले जातात. म्हणूनच शिक्के गोळा करण्यापूर्वी कोणत्या देशात आणि कोणत्या कार्यालयात कागद सादर करायचा आहे, याची चौकशी करणे श्रेयस्कर.

महाराष्ट्रातील वधूंच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. लग्नात वधूचे पहिले नाव बदलण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. समजा, माहेरची ‘सविता’ सासरी ‘सायली’ झाली आणि हौसेने प्रमाणपत्रावरही तेच नाव लिहिले गेले. तिच्या पारपत्रावर, जन्मदाखल्यावर आणि पदवीवर मात्र ‘सविता’च असते. शिवाय मधले नाव वडिलांऐवजी पतीचे होते आणि आडनावही बदलते. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही. पण ज्याला ही प्रथा ठाऊक नाही, त्या परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या स्त्रिया ठरतात. वास्तविक विवाहानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही आणि पारपत्र माहेरच्या नावाने ठेवता येते. त्यामुळे नोंदणीच्या अर्जात पारपत्रावरील नाव, त्याच स्पेलिंगसह, लिहिणे सर्वांत सुरक्षित. नाव बदलायचेच असल्यास राजपत्रात तशी प्रसिद्धी करून दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा पुरावा हाती ठेवावा. चूक झालीच असेल तर विवाह निबंधकाकडून दुरुस्ती आधी करून घ्यावी. दुरुस्त प्रमाणपत्र हा नवा दस्तऐवज असल्याने जुने अपोस्टील त्याला लागू होत नाही आणि सारी साखळी पुन्हा पूर्ण करावी लागते.

उलट दिशेनेही हीच कसोटी लागते. परदेशात विवाह झालेल्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवे असल्यास विवाहाची नोंदणी झालेली असणे आणि अर्जापूर्वी तो सलग किमान दोन वर्षे टिकलेला असणे आवश्यक आहे. तेथील विवाह प्रमाणपत्रावरही त्या देशाचे अपोस्टील किंवा भारतीय दूतावासाचे साक्षांकन लागते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेला कॅनडा बराच काळ या करारापासून दूर होता. तिथे ११ जानेवारी २०२४ पासून करार लागू झाल्याने तेथील प्रमाणपत्रांनाही आता अपोस्टील मिळते.