उकिरड्यांतून निसटणारें नत्र

लूककृत शुभवर्तमानांत फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षें वाट पाहून त्रासलेला धनी तें तोडावयास सांगतो. मळेकरी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि भोंवतीं खणून खत घालण्याचें कबूल करितो. त्या खतांत असें काय असतें, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

खतांतील मुख्य द्रव्यांपैकीं एक नत्र होय. हवेच्या १०० भागांत सुमारें ७८ भाग नत्रच असतें. तथापि कांद्याच्या रोपास त्यांतला कणही घेतां येत नाहीं. हरभरा, मूग इत्यादिकांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हें काम करितात. मनुष्यानेंही ही विद्या साधली. १९१३ सालीं जर्मनींत ओपाउ येथें हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला, आणि १९६५ सालीं मुंबईस ट्रॉम्बे येथेंही खत होऊं लागलें. युरिया तो हाच. पण त्यास इंधन फार लागतें.

आतां सिन्नरचा हिशेब पाहूं. रब्बी कांद्यास हेक्टरीं सुमारें १०० किलो, म्हणजे एकरीं ४० किलो नत्र द्यावें असें सांगतात. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत नत्र सुमारें २१ किलो. म्हणजे एकरास जवळजवळ दोन गोणी झाल्या. कांद्याबरोबर बाजारास गेलेलें नत्र शेतांत परत येत नाहीं. परंतु जें चाऱ्यांतून गोठ्यांत येतें, तें तरी आपण राखतों काय?

जनावर जितकें नत्र खातें त्यांतलें थोडेंच दुधांत उतरतें. बाकीचें बाहेर पडतें, व त्यांतलें सुमारें अर्धें मूत्रांत असतें. आपण शेण तेवढें उचलतों आणि मूत्र जमिनींत मुरूं देतों! पहाटे गोठ्यांत शिरतांच जो उग्र दर्प नाकास झोंबतो, तो अमोनियाचा. म्हणजे गोणींतलें धनच तें हवेंत उडत असतें. गोवऱ्या जाळल्या कीं शेणांतलें नत्रही धुराबरोबर जातें. उघड्या उकिरड्यावर पाऊस पडला कीं उरलेलें नायट्रेटरूपानें विहिरींत झिरपतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरास ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट नसावें असा दंडक आहे. त्यापलीकडे तें तान्ह्या मुलांस विशेष बाधक होतें.

यावर उपाय आपल्याच देशांत निघाला. इंदूर येथील शेतकी संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं जी पद्धत बसविली, तिचें वर्णन त्यांनीं १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. गोठ्याच्या जमिनीवर मातीचा थर द्यावयाचा. ती मूत्र शोषून घेते. कांहीं महिन्यांनीं ती मूतमाती काढून नवी घालावयाची. काढलेली माती, शेण, राख व वाळका पालापाचोळा यांचे थर रचून ओल राखावयाची आणि ढीग तीनदां उलटावयाचा. तीन महिन्यांत खत तयार. यांतील मर्म असें कीं, काडीकचरा कुजविणाऱ्या जंतूंस नत्राची भूक असते. वाळका कचरा भरपूर मिळाला म्हणजे ते अमोनिया उडूं न देतां आपल्या देहांत सांठवितात. नुसतें शेण सांचविलें तर हें साधत नाहीं.

मनुष्याच्या मळमूत्राचेंही असेंच आहे. भारतांत एका माणसामागें वर्षास सुमारें अडीच ते तीन किलो नत्र त्यांतून जातें. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं या सोनखताचा प्रयोग केला, व त्याबरोबर भंगीकामाचा कलंक पुसण्याचाही. मात्र तें पुरतें कुजल्यावांचून भाजीस घालूं नये, रोग पसरतात.

युरिया एकदम सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. अशा खतांतलें नत्र हळूहळू सुटतें, आणि एका गाईचें खत एकराला पुरणार नाहीं. पण सिन्नरच्या पूर्वेकडे, वावी-पांगरीच्या बाजूस, पावसाची ओढ नित्याची. तेथें चारा विकत घ्यावा लागतो, मग गुरांखालीं अंथरावयास कडबा कोठून येणार? माती मात्र फुकट आहे. मार्गशीर्ष-पौषांत कांदा लावावयाचा तर ढीग भाद्रपदांत रचला पाहिजे. तेव्हां ओलीसाठीं पाणीही असतें. वर पावसापासून आडोसा तेवढा करावा.