धुळ्याच्या तुरुंगातला संतोष

संतोष म्हणजे हात टेकलेल्या माणसाचे समाधान, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. केळीचा भाव पडला, नशीब म्हणायचे. मजुरी कमी मिळाली, गप्प बसायचे. आणि वर जुन्या ग्रंथांचा हवाला द्यायचा. ग्रंथ मात्र असे सांगत नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असे पाच नियम आहेत. त्यात संतोषाच्या लगेच पुढे तप येते. ज्याने स्वस्थ बसायचे, त्याला तप कशासाठी सांगितले असते? गीतेच्या बाराव्या अध्यायात संतोष हे भक्ताचे लक्षण म्हणून येते. पण ती सारी गीता धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी आहे. प्राचीन परंपरेतला संतोष हा कामाला भिडलेल्या माणसाचा गुण आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि खानदेशात त्याचा भक्कम पुरावा आहे.

वरणगावहून मुक्ताईनगरच्या वाटेला लागले, की तापी-पूर्णेचा संगम आणि तिथले चांगदेवाचे देऊळ फार लांब नाही. चौदाशे वर्षे जगलेल्या, वाघावर बसून आलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि मायना काय लिहावा हेच न सुचल्याने कागद कोराच धाडला, ही कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि पुढे चांगदेव वयाने पोर असलेल्या मुक्ताईचे शिष्य झाले. कथा इतिहास म्हणून वाचायची नाही. पण सगळ्या सिद्धी हाती येऊनही माणूस आतून रिता राहू शकतो, हे या मुलखाने शतकानुशतके सांगत ठेवले, एवढे तिच्यावरून नक्की कळते.

याहून भक्कम पुरावा 1932 सालचा आहे. कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने त्यांनी मराठीतून सहकैद्यांपुढे दिली. जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा ही मंडळी श्रोत्यांत होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी सोडून 1930 मध्ये चळवळीत उतरलेले साने गुरुजी ऐकता ऐकता शब्द टिपून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले. विनोबांनी तिथे 'विकर्म' या कल्पनेला जो अर्थ दिला, तो संतोषाच्या मुळाशी जातो. बाहेरचे कर्म हातांनी होते. त्याला मनाची जोड देणारी आतली साधना म्हणजे विकर्म. दोन्ही एकत्र आली, की कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. म्हणजे समाधान काम टाकून मिळत नाही, कामात मन ओतल्याने मिळते. फलत्यागाचा अर्थही इथे उलगडतो. शेतकऱ्याने भाव मागू नये, असा तो नाही. पेरताना, निंदताना, पाणी देताना चित्त उद्याच्या हिशेबात न अडकता हातातल्या कामावर असावे, असा आहे. बाजारात रास्त भावासाठी भांडणे हेही मग एक कर्मच ठरते.

संतोष माणसाला मुकाट सोसायला शिकवतो, या आक्षेपाला त्या श्रोत्यांकडे पाहूनच उत्तर मिळते. ती सोसणारी माणसे नव्हती. सरकारचा कायदा जाणूनबुजून मोडून आत आलेली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गीतेत चातुर्वर्ण्य आहे, आणि 'स्वधर्म' हा शब्द लोकांना जन्माच्या पायरीवर खिळवून ठेवायला वापरला गेला. हे खरे आहे, डॉ. आंबेडकरांनी गीतेची कठोर चिकित्सा केली ती उगाच नव्हे, आणि ती वाचल्याशिवाय गीतेचे गोडवे गाऊ नयेत. पण ग्रंथातून कोण काय उचलतो, हेही पाहिले पाहिजे. तुरुंगात प्रवचने टिपणाऱ्या त्याच साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून 1 मे 1947 ला उपोषण सुरू केले आणि दहा दिवसांत बडव्यांना दार उघडणे भाग पडले. स्वधर्माचा अर्थ 'आपल्या पायरीवर राहा' असा घेणारा माणूस असे करणार नाही.

तिसरा आक्षेप बोलायला जड जातो, पण टाळता येत नाही. ज्यांनी ही प्रवचने लिहून घेतली, त्या गुरुजींनीच 11 जून 1950 रोजी आपले जीवन संपवले. मग ही शिकवण कामाला आली का? माझ्या मते, तिच्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो. संतोष हे मनाच्या दुखण्यावरचे औषध नाही. ते दुखणे शरीराच्या दुखण्याइतकेच खरे असते. त्याला माणसांची सोबत आणि उपचार लागतात, आणि खचलेल्या माणसाला 'समाधानी राहा' असे सांगणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. गीतेतही विषादाने गळून गेलेल्या अर्जुनाला कृष्ण एकट्याला ध्यानाला बसवत नाही. अठरा अध्याय तो त्याच्याशी बोलतो, त्याच्या शंका ऐकतो आणि पुढे त्याच्या रथावरच राहतो.