पडद्यावरचा हत्ती आणि सुतळीचा हत्ती

दिवाळीच्या सुट्टीतली एक गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी चिमी आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षे पाच, इयत्ता मोठा बालवर्ग. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. म्हणून मी तिला दूरचित्रवाणीवर प्राण्यांचा एक कार्यक्रम लावून दिला आणि शेजारच्या खोलीत कामाला बसलो. कार्यक्रम उत्तम होता. आधी मुंगळे, मग हत्ती. चिमी तासभर जागची हलली नाही. पोरगी काहीतरी शिकते आहे, या समाधानात मी होतो.

दोन दिवसांनी आम्ही तिला प्राणिसंग्रहालयात नेले. हत्तीपुढे उभी राहताच तिने माझा हात घट्ट धरला आणि ती रडू लागली. "काका, हा हत्ती नाही! हत्ती एवढा असतो," असे म्हणत तिने दोन्ही हात पसरले.

मी विचारले, "आणि मुंगळा केवढा असतो गं?" तिने हात तेवढेच पसरले.

"अगं, पण आपल्या ओट्यावरचा मुंगळा तर केवढासा आहे!"

"तो बाळ आहे. टीव्हीतला मोठा झालेला."

वीस वर्षे मी महाविद्यालयात भिंगे आणि विशालन शिकवतो आहे. पण घरातल्या पाच वर्षांच्या मुलीला संच लावून देताना त्यातले एक अक्षरही मला आठवले नाही, याची त्या दिवशी लाज वाटली.

चूक किती मोठी?

चला, थोडे गणित करू. समजा, पडद्याची उंची ५० सेंटिमीटर आहे. २७० सेंटिमीटर उंचीचा हत्ती त्यात बरोबर बसवला, तर तो ५.४ पटींनी लहान झाला. १ सेंटिमीटर लांबीचा मुंगळा तोच पडदा व्यापू लागला, तर तो ५० पटींनी मोठा झाला. ५.४ गुणिले ५० म्हणजे २७०. खऱ्या जगात ही दोन मापे २७० पटींनी वेगळी आहेत. पडद्याने तो सगळा फरक पुसून टाकला. चिमीने जे पाहिले, तेच ती प्रामाणिकपणे सांगत होती.

मग तुमची-आमची अशी फसगत का होत नाही? हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा. करंगळीच्या नखाआड सबंध चंद्र झाकला जातो! वस्तूची दोन टोके डोळ्याशी जो कोन करतात, त्यावर डोळ्यातील प्रतिमेचा आकार ठरतो. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू सारखाच कोन करू शकतात. खरी कोणती केवढी, हे मेंदू अंतरावरून आणि पूर्वीच्या ओळखीवरून ठरवतो. दूरचित्रवाणीसमोर मात्र मुंगळा असो वा हत्ती, दोघेही डोळ्यांपासून त्याच दोन मीटर अंतरावर! अंतराचा पुरावा गेला. उरली ती पूर्वओळख. ती तुमच्याजवळ आहे. जिने हत्ती कधी पाहिलाच नाही, त्या चिमीजवळ ती कोठून येणार?

सुतळीचा हत्ती

त्या संध्याकाळी नववीत असलेल्या माझ्या मुलाने, मंदारने, तोड काढली. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून त्याची दुप्पट केली, की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते, हा जाणकारांचा जुना आडाखा त्याला ठाऊक होता. त्याने २७० सेंटिमीटर सुतळी घेतली, ती दुपदरी करून १३५ सेंटिमीटरचा घेर जमिनीवर मांडला आणि चिमीला म्हणाला, "हे हत्तीचं पाऊल. राहा आत उभी."

चिमी आत उभी राहिली, आणि चारी बाजूंना जागा उरली. साहजिकच आहे, त्या वर्तुळाचा व्यास ४३ सेंटिमीटर होता. मग मंदारने स्टुलावर चढून तीच सुतळी भिंतीवर उभी धरली. टोक जवळजवळ छतापर्यंत गेले. चिमी बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे हत्ती आपल्या दारातून येणारच नाही!"

मित्रहो, माझ्या मते तिचे प्राणिशास्त्र त्या वाक्यापासून सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम आम्ही तिघांनी मिळून पाहिला. मंदारने तिला एकच प्रश्न शिकवला : "त्याच्या शेजारी काय आहे?" हत्तीशेजारी माहूत होता, मुंगळ्याशेजारी गवताचे पाते. शेजारची वस्तू ओळखीची असली, की पडद्यावरही मापाची पट्टी हाती येते. तासाभराचा कार्यक्रम आम्ही पाच ठिकाणी थांबवला. चिमीची मुळीच तक्रार नव्हती.

वेळ आणि आवाज

आकाराप्रमाणेच पडदा वेळही ताणतो आणि आखडतो. हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे निर्विवाद दिसले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. मधमाशी सेकंदाला २०० हून अधिक वेळा पंख हलवते. सेकंदाला २,५०० चित्रे घेऊन ती सेकंदाला २५ या वेगाने दाखवली, तर तीच हालचाल शंभरपट सावकाश होते आणि पंखांची फडफड मोजता येते. उलट, कोंबडीचे अंडे उबायला लागणारे २१ दिवस पडद्यावर मिनिटभरात सरतात. लहान मुलाला हे सांगायला हवे. नाहीतर मधमाशी संथ उडते आणि पिल्लू झटपट निघते, अशीच त्याची समजूत होईल. आवाजाचेही तेच. प्राण्यांच्या चित्रपटांतील पावलांची चाहूल, पंखांची फडफड असे पुष्कळ आवाज मागाहून भरलेले असतात.

यावरून दूरचित्रवाणी बंदच करावी, असे मात्र मी म्हणणार नाही. देवमासा चिमीला एरवी कोठे दिसणार? फक्त ओळखीचे आधी, अनोळखी नंतर, हा क्रम सांभाळावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. ज्या मुलाने गाय जवळून पाहिली आहे, त्याला गवा चित्रातही कळतो. तेव्हा शिक्षकांनी आणि थोरल्या भावंडांनी पडद्याआधी कावळा, गाय, सरडा आणि ओट्यावरचा मुंगळा दाखवावा.

करून पाहा

निळा देवमासा २५ मीटर लांब असू शकतो. शाळेच्या मैदानावर तेवढी दोरी आखा. एका टोकाला बालवर्गातील एक मूल उभे करा आणि दुसऱ्या टोकापर्यंत त्याला पावले मोजत चालू द्या. देवमाशाचा कार्यक्रम त्यानंतर दाखवा, आणि दाखवताना त्याच्या शेजारी बसा. मी त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसलो होतो. ती चूक तुम्ही करू नका.