गणवेश एक, मुलं मात्र निरनिराळी

जून महिना आला की घरोघरी गणवेशाची गडबड सुरू होते. मापं द्यायची, गेल्या वर्षीच्या पँटची दुमड उसवून ती लांब करायची, बूट-मोजे शोधायचे. या खटाटोपामागे एक चांगला विचार आहे. बंगल्यातला मुलगा आणि चाळीतला मुलगा एकाच बाकावर एकाच कापडात बसतात. म्हणून गणवेशच नको, असं आपल्यापैकी फारसं कुणी म्हणणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. शीख मुलाचा पटका, एखाद्या मुलीची टिकली, आपल्या मुलीचा गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ, एवढ्यानं शिस्त मोडते का?

दक्षिण आफ्रिकेत हाच वाद एका चमकीवरून झाला. डर्बनच्या एका शाळेनं दक्षिण भारतीय तमिळ हिंदू कुटुंबातल्या मुलीला नाकातली चमकी काढायला सांगितली. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. 2007 साली न्यायालयानं मुलीच्या बाजूनं निकाल दिला. चमकीमुळे शिस्त बिघडल्याचा पुरावा शाळेला देता आला नव्हता. प्रथा सक्तीची नसून माणसानं मनापासून स्वीकारलेली असली, तरी तिलाही संरक्षण आहे, असं न्यायालयानं मानलं. गणवेश कायम राहिला. नियमात सवलतीची वाट तेवढी ठेवायला सांगितली.

आपल्याकडे चित्र अजून स्पष्ट नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं 15 मार्च 2022 रोजी हिजाब ही धर्मातली अत्यावश्यक प्रथा नाही, असं सांगत बंदी कायम ठेवली. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली, न्या. सुधांशू धुलिया यांनी हा मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला आणि तिच्या शिक्षणाला सर्वांत जास्त महत्त्व दिलं. चेंबूरच्या महाविद्यालयाच्या प्रकरणात 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्याची मुभा मात्र दिली नाही.

कोर्टाची पायरी चढण्याआधी पालकांच्या हातात बरंच काही असतं. प्रवेश घेतानाच गणवेशाचे नियम लेखी मागून घ्या. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. या बैठकांना आपल्या किती आया जातात? वाद पेटल्यावर दारात गर्दी करण्यापेक्षा आधी बैठकीत बसून ‘त्याच रंगाचा स्कार्फ चालेल का?’ एवढं विचारणं सोपं असतं. मुख्याध्यापक हो म्हणाले, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.

आणि एक गोष्ट घरातली. शाळेनं मुलीला विचारलं नाही अशी तक्रार करताना, आपण तिला विचारलं का? स्कार्फ का घ्यावासा वाटतो, कुणी चिडवतं का, उद्या गेटवर अडवलं तर काय करायचं, हे तिच्याशी मोकळेपणानं बोलायला हवं. जी मुलगी समजून-उमजून डोकं झाकते, ती आपली बाजू शांतपणे मांडू शकते.

मात्र काहीही झालं तरी तिची शाळा सुटू देऊ नका. नियमावरचा वाद पुढच्या वर्षीही लढता येईल. तिचं हुकलेलं दहावीचं वर्ष मात्र कुणी परत आणून देणार नाही.