खर्जाच्या चार तारा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात गायकांवर आणि गिटारवादकांवर जेवढे लिहिले गेले, त्याच्या मानाने इलेक्ट्रिक बास गिटार हे वाद्य उपेक्षितच राहिले. वास्तविक १९६० नंतरच्या गाण्याचा ठेका, त्याची स्वररचना आणि ध्वनिमुद्रणाची पद्धत या तिन्ही बाबतींत त्याचा वाटा गिटारपेक्षा तसूभरही कमी नाही.

त्यापूर्वी वाद्यवृंदात खर्जाची जबाबदारी डबल बासकडे, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील, माणसाहून उंच आणि उभ्याने वाजवायच्या वाद्याकडे असे. ड्रम व इतर वाद्यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई, त्याची ने-आण जिकिरीची होती, आणि त्याला पडदे नसल्यामुळे सुरात बोट पडण्यासाठी दीर्घ रियाज लागे. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच पडद्यांचे विद्युत बास तयार केले होते, परंतु ते रुजले नाही. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे मुळात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे आणि स्वतः गिटार न वाजवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणले, तेव्हा या तिन्ही अडचणी एकदम दूर झाल्या. गळ्यात अडकवता येणाऱ्या या वाद्याच्या चार तारा गिटारच्या चार जाड तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या असतात, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते, आणि तारांखालचा पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याचे वेटोळे, त्या कंपनांचे विद्युतसंकेतात रूपांतर करून ते ॲम्प्लिफायरकडे पाठवतो.

आवाज वाढला एवढ्यावरच हे थांबले नाही. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहाचा, म्हणजे कॉर्डचा, भाव बऱ्याच अंशी त्यातील सर्वांत खालच्या स्वरावर ठरतो. सा, ग, प हे तीन शुद्ध स्वर एकत्र वाजत असताना खाली सा धरला तर प्रसन्न वाटणारा तोच समूह, बासने खाली ध धरताच, उदास छटेचा होतो. बासचा स्वर स्पष्ट ऐकू येऊ लागल्यामुळे गाण्याचा रंग बदलण्याची ही किल्ली त्याच्या वादकाच्या हाती आली.

ती सर्वांत समर्थपणे वापरली ती डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या स्टुडिओतील जेम्स जेमरसन यांनी. मूळचे डबल बासवादक असल्यामुळे ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तारा छेडत, आणि तारा जुन्या होऊन मंद झाल्या तरी त्या बदलायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट त्यांच्या नादाचाच एक भाग बनला. ठेक्याच्या प्रत्येक मात्रेवर मूळ स्वर ठोकत राहण्याची रूढ चाकोरी सोडून त्यांनी मधले स्वर जोडत, मात्रांच्या आगेमागे वळसे घेत, गायकाच्या चालीला समांतर अशी दुसरी चालच उभी केली. मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवर मात्र वादकांची नावे छापली जात नसत; जेमरसन यांचे नाव मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर आले, तोवर त्यांच्या वादनाची गाणी जगभर पोहोचलेली होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही वेगळे काही घडले नाही: राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बास वाजवणारे टोनी वाझ किती रसिकांना नावाने ठाऊक आहेत?

जेमरसन यांच्या वादनाचा प्रभाव बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी मोकळेपणाने मान्य केला. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’च्या वेळी ते अनेक गाण्यांत बास सर्वांत शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करीत, गाण्याचा पाया आधी घालायचा हा क्रम त्यामुळे उलटा झाला. लॅरी ग्रॅहम यांची वाट निराळी होती. आईसोबत वाजवताना ड्रमवादक नसल्यामुळे ते अंगठ्याने तारेवर आघात करून मोठ्या ड्रमची आणि बोटाने तार खेचून सोडून स्नेअर ड्रमची उणीव भरून काढू लागले. ‘स्लॅप’ नावाची ही पद्धत पुढे फंक संगीताची ओळख ठरली.

डिस्कोच्या काळात तर बासची ओळच गाण्याहून मोठी झाली. शिक या वृंदाच्या १९७९ च्या ‘गुड टाइम्स’मधील बर्नार्ड एडवर्ड्स यांची बासओळ त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’साठी पुन्हा वाजवून घेण्यात आली, आणि हिप-हॉपचे पहिले मोठे यश तिच्यावर उभे राहिले.

जेमरसन १९८३ मध्ये वारले, आणि २००० मध्ये, साथीदार वादकांसाठी नवा विभाग उघडल्यावर, त्यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ हे १९६७ चे गाणे त्यांच्या वादनासाठी जरूर ऐकावे. मात्र मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हे खर्जाचे स्वर नीट उमटत नाहीत, तेव्हा चांगला हेडफोन लावूनच ऐकावे.